‘नो ग्रोथ’ छापण्याआधी : कोल्हापूर जिल्ह्यातल्या दवाखान्यांना आणि कलेक्शन सेंटरना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातले दवाखाने, नर्सिंग होम आणि कलेक्शन सेंटर चालवणारे डॉक्टर, सिस्टर आणि तंत्रज्ञ मंडळी यांस,

स. न. वि. वि.

लैंगिक संसर्गाच्या तपासणीसाठी तुमच्याकडून निघालेला नमुना प्रयोगशाळेच्या काउंटरवर पोचतो तेव्हा त्यातला जंतू जिवंत असतो का, एवढ्या एकाच प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून जे दिसतं ते बाहेरून दिसत नाही, म्हणून हा खटाटोप.

आतून असं दिसतं. स्वॅब येतो. जंतू वाढवायच्या प्लेटवर लावतो. २४ तासांनी बघतो, ४८ तासांनी बघतो, ७२ तासांनी पुन्हा बघतो. काही उगवत नाही. रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ छापलं जातं. पेशंट तो कागद घेऊन तुमच्याकडे येतो आणि तुम्ही म्हणता, “काही निघालं नाही, काळजी करू नका.” जंतू नव्हताच म्हणून उगवलं नाही, की होता आणि तुमच्या फ्रीजमध्ये मेला म्हणून उगवलं नाही, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. पेशंट परमा, म्हणजे गोनोरिया, घेऊन घरी जातो. बायकोला लागण होते. तिला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, किंवा थोडं अंगावरून जातं आणि ती ते कुणाला सांगत नाही. जंतू गर्भाशयमुखातून वर चढतो, बीजवाहक नळ्यांना सूज येते, नळ्या चिकटतात. चार वर्षांनी ‘मूल होत नाही’ म्हणून तिलाच तपासणीला आणलं जातं. घरच्यांच्या लेखी दोषही तिचाच.

तेव्हा तो ‘नो ग्रोथ’ हलका समजू नका.

थंडीचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नमुने तिथेच मरतात. आपल्या जिल्ह्याला थंड साखळी कुणी शिकवायला नको. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीत जातं, बल्क कूलरमध्ये चार अंशांवर उतरतं, टँकरने पुढे जातं. नासणारी वस्तू गार ठेवायची हे आपल्या अंगवळणी पडलंय. त्यात कोविड आला आणि सगळ्या स्टाफच्या हाताला सवय लागली : स्वॅब घेतला की बर्फात. विषाणूसाठी ते बरोबरच होतं. परम्याचा जंतू मात्र उलट्या स्वभावाचा आहे. अल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये तो पहिल्यांदा पाहिला, त्यांच्याच नावाने त्याला नायसेरिया म्हणतात. माणसाच्या शरीराबाहेर त्याचा निभाव लागत नाही. त्याला ३५ ते ३७ अंशांची ऊब लागते, ओल लागते आणि हवेत ५ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड लागतो. कोरडा पडला की मेला, गारठला की मेला. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघण्यासाठी घेतलेला स्वॅब फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे आपल्याच हाताने पुरावा नष्ट करणं.

आणि हे चुकतं ते निष्काळजी माणसाकडूनच असं नाही. उलट कामसू सिस्टर असते ना, तीच आठवणीने स्वॅब फ्रीजमध्ये ठेवते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

मग करायचं काय? उत्तम म्हणजे पेशंटच्या शेजारीच प्लेट लावायची. ‘चॉकलेट अगर’ची किंवा थेयर-मार्टिनची, म्हणजे या जंतूला लागणाऱ्या खाद्याची, प्लेट आधी फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, गार प्लेटवर स्वॅब फिरवायचा नाही. लावलेली प्लेट कँडल जारमध्ये ठेवायची : घट्ट झाकणाची बरणी, तळाशी ओला कापूस, आत एक साधी पांढरी बिनवासाची मेणबत्ती. झाकण लावल्यावर मेणबत्ती आपोआप विझते आणि तेवढ्यात जंतूपुरता कार्बन डायऑक्साइड तयार होतो. यासाठी लाखाचं यंत्र लागत नाही. पण तालुक्याच्या दवाखान्यात प्लेट कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. तिथे कोळसा घातलेलं अ‍ॅमीज ट्रान्सपोर्ट माध्यम, म्हणजे वाटेत जंतू जगवणारं माध्यम, वापरा. त्या काळ्या नळीत स्वॅब बुडवा, झाकण घट्ट लावा आणि खोलीच्या तापमानाला ठेवून पाठवा. सहा तासांत पोचला तर फार चांगलं. चोवीस तासांपुढे भरवसा धरू नका.

स्वॅब कुठला, यालाही महत्त्व आहे. लाकडी काडीवर कापूस गुंडाळलेला साधा स्वॅब सगळीकडे मिळतो आणि स्वस्त पडतो, पण कापसातली मेदाम्लं या जंतूला मारक ठरतात. लाकडी काडी क्लॅमिडियाच्या, म्हणजे लैंगिक संसर्गाच्या दुसऱ्या एका जंतूच्या, कल्चरला बाधते. डॅक्रॉनचा किंवा रेयॉनचा, प्लास्टिक काडीचा स्वॅब घ्या. किमतीतला फरक काही रुपयांचा आहे. पेशंटकडून तपासणीचे जे पैसे घेतले जातात त्यापुढे तो दिसतही नाही.

आता वेळापत्रक. कलेक्शनचा मुलगा संध्याकाळी सात-आठला दुचाकीवर येतो आणि सकाळी दहाला घेतलेला स्वॅब तोवर टेबलावर पडून असतो. त्यातून रात्रीचा प्रवास, मग सकाळी प्रयोगशाळा उघडेपर्यंतचा वेळ. चोवीस तास असे कळायच्या आत संपतात. शनिवारी संध्याकाळी घेतलेल्या स्वॅबबद्दल तर बोलायलाच नको, तो सोमवारी उघडला जातो. कल्चरचा स्वॅब गाडी यायच्या वेळेच्या जवळ घ्या, आठवड्याच्या सुरुवातीला घ्या, आणि घेण्याआधी प्रयोगशाळेला एक फोन करा. चंदगडहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूने नमुना निघाला तर वाटेत किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही.

अशा लांबच्या ठिकाणी काचेची स्लाइड कामी येते, आणि तिच्याकडे आपण फारच दुर्लक्ष केलंय. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तर स्वॅब स्लाइडवर हलकेच लोळवायचा. घासायचा नाही. घासला की पेशी फाटतात आणि पेशीच्या आत बसलेला जंतू ओळखायची खूणच जाते. हवेवर वाळवायची, मिथेनॉलने किंवा हलक्या आचेवर पक्की करायची, पेन्सिलीने नंबर टाकायचा आणि डबीत घालून पाठवायची. ना बर्फ, ना घाई. ग्रॅम पद्धतीने रंगवल्यावर पांढऱ्या पेशींच्या पोटात गुलाबी जोडजंतू दिसले की परमा. लक्षणं असलेल्या पुरुषात ही तपासणी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांत तो पकडते. बायकांत तीच स्लाइड निम्म्याच्या आसपास चुकते, म्हणून त्यांच्या बाबतीत तेवढ्यावर थांबता येत नाही. म्हणजे बिनखर्चाची सोय पुरुषांना आणि अडचण बायकांना, इथेही तेच.

नमुना घेण्याबद्दल थोडं, कारण फॉर्म पाहिला की कळतं कुठे गडबड झाली.

पुरुषाने नमुना द्यायच्या आधी किमान तासभर, जमल्यास दोन तास लघवी केलेली नसावी. पू बाहेर दिसत असेल तर तोच घ्यावा, आत जायची गरज नाही. दिसत नसेल तर बारीक स्वॅब दोन-तीन सेंटिमीटर आत घालून, फिरवून काढायचा. दुखतं, हे आधी सांगायचं. स्त्रीच्या बाबतीत हमखास दिसणारी चूक म्हणजे फॉर्मवर ‘परम्यासाठी कल्चर’ लिहिलेलं आणि नळीवर ‘एचव्हीएस’, म्हणजे योनीच्या वरच्या भागातला स्वॅब. प्रौढ स्त्रीत हा जंतू योनीच्या भिंतीवर राहत नाही, गर्भाशयमुखाच्या आतल्या अस्तरात राहतो. कल्चर करायचं तर आधी एका स्वॅबने मुखावरचा स्राव पुसून टाकायचा, मग दुसरा स्वॅब एक-दोन सेंटिमीटर आत नेऊन १० ते ३० सेकंद फिरवायचा. स्पेक्युलमला (आतून तपासायच्या उपकरणाला) जेली लावायची नाही, काही जेलींमध्ये जंतुनाशक असतं. कोमट पाण्याने ओला केला की पुरे.

पीसीआरसारख्या तपासण्या आल्यापासून हे सगळं सोपं झालं, असं तुम्ही म्हणाल. झालंही आहे. तिथे जंतू जिवंत असायची गरज नाही, त्याचा अंश सापडला तरी पुरतो. परमा आणि क्लॅमिडिया दोन्ही एकाच नमुन्यातून कळतात. पण तिथेही एक गोष्ट रोज चुकते. आपल्या स्टाफला लघवीच्या कल्चरची सवय असते, त्यामुळे पेशंटला सांगितलं जातं, “थोडी सोडून द्या, मधली धरा.” इथे नेमकी सुरुवातीचीच हवी. तासभर लघवी न करता, जागा न धुता, पहिल्या धारेची २० ते ३० मिलिलिटर. पहिल्या धारेतच मूत्रमार्गाच्या भिंतीवरच्या पेशी धुऊन येतात. डबी काठोकाठ भरून आणली तर तो अंश पातळ होतो आणि तपासणी चुकू शकते. डबी स्वच्छ, कोरडी, झाकणाची. औषधाच्या जुन्या बाटलीत आणि एकदा चक्क लोणच्याच्या बाटलीत आलेली लघवी मी पाहिलेली आहे. हसू नका, बाटली पेशंटने घरून आणली होती कारण दवाखान्याने डबी दिलीच नव्हती.

पीसीआरसाठी त्या-त्या किटचाच स्वॅब आणि त्याच किटची नळी लागते. कोळशाच्या नळीतला स्वॅब तिथे चालत नाही आणि पीसीआरच्या नळीतून कल्चर होत नाही. किती दिवस आणि किती तापमानाला ठेवायचं हेही किटच्या पत्रकावर असतं, दुसऱ्या कंपनीचा आकडा इथे लावू नका. क्लॅमिडिया पेशीच्या आत राहतो, म्हणून त्याला पू नको, पेशी हव्यात. स्वॅब नुसता टेकवून काढला तर रिपोर्ट निगेटिव्ह येणार. उपचारानंतर पंधरा दिवसांत पुन्हा पीसीआर करू नका, मेलेल्या जंतूचा अंश तीन-चार आठवडे सापडू शकतो आणि बरा झालेला माणूस पुन्हा आजारी ठरतो.

स्त्रियांसाठी यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट सांगते. पीसीआरसाठी बाईने स्वतः योनीतून घेतलेला स्वॅब डॉक्टरने घेतलेल्या स्वॅबच्या तोडीचा असतो. हे जगभर तपासून झालेलं आहे. तिच्या लघवीपेक्षा तो जास्त लागणी पकडतो. तपासणीच्या टेबलावर झोपायचं नाही, कुणासमोर कपडे काढायचे नाहीत, स्वच्छतागृहात जाऊन दोन मिनिटांत स्वॅब घेऊन नळीत घालायचा. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या बाईला अर्धा दिवस मोडायला लागत नाही, ऊसतोडीला आलेल्या बाईला मुकादमाला कारण सांगत बसायला लागत नाही. कागदावर चार चित्रं काढून मराठीत सूचना लिहिल्या की झालं. सीमेलगतच्या चंदगड-गडहिंग्लजच्या पट्ट्यात कन्नडमध्येही लिहा. माझ्या मते जिल्ह्यात या एका गोष्टीवर सगळ्यात आधी पैसा खर्च व्हायला हवा.

“पण आम्ही तर लक्षणं बघून किट देतो, तपासणी कशाला?” हाही प्रश्न येतो. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, रंगांनी ओळखायची औषधांची किट आहेत. मूत्रमार्गातून पू आला तर करडं किट, त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. ज्या दिवशी पेशंट आला त्याच दिवशी उपचार, ही पद्धत चांगलीच आहे आणि ती बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. पण लक्षण नसलेल्या बाईला किट कोण देणार? आणि दुसरं, हा जंतू औषधं पचवायला शिकलाय. पेनिसिलिन गेलं, टेट्रासायक्लिन गेलं, सिप्रोफ्लॉक्सासिन गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात जगात परम्याच्या ८ कोटी २० लाख नव्या लागणी झाल्या. त्यातल्या कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं, हे फक्त जिवंत जंतू हातात आला तरच नीट कळतं. पीसीआर सांगेल की परमा आहे, सेफिक्झिमने तो मरेल का हे नेहमीची पीसीआर सांगत नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रादेशिक केंद्रासारख्या ठिकाणी हे काम चालतं, पण तिथवर जाणारा जंतू आधी आपल्या टेबलावर जगला पाहिजे.

ट्रायकोमोनास हा लैंगिक संसर्गातलाच दुसरा हट्टी पाहुणा. सूक्ष्मदर्शकाखाली हा परजीवी हलताना दिसला तरच ओळखू येतो. कोमट सलाईनच्या थेंबात घ्या आणि दहा-वीस मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली बघा. फ्रीज नको, बाहेर पाठवणं नको. तासाभरात त्याचं हलणं मंदावतं आणि मग पांढऱ्या पेशीत आणि त्याच्यात फरक करता येत नाही. ज्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आहे पण तो कपाटावर धूळ खात पडलाय, त्यांनी तो खाली काढावा. हर्पिसचं मात्र कोविडसारखं : फोड फोडून तळाशी घासलेला स्वॅब विषाणूच्या माध्यमात, २ ते ८ अंशांवर. घरगुती फ्रीजरच्या कप्प्यात नाही.

इथेच तुमच्या लक्षात आलं असेल की एकाच पेशंटचे दोन नमुने दोन वेगळ्या हवामानात राहायला हवेत. माझी पहिली मागणी तेवढीच आहे. नमुने न्यायला दोन डबे ठेवा. एक बर्फाच्या पॅकचा, रक्ताच्या सिरमसाठी (गुठळी झाल्यावर उरणाऱ्या द्रवासाठी) आणि विषाणूच्या नळीसाठी. दुसरा बिनबर्फाचा, कल्चरच्या स्वॅबसाठी आणि स्लाइडसाठी. दुसऱ्यावर ठळक अक्षरात लिहा : ‘फ्रीजमध्ये ठेवू नये’. एप्रिल-मेमध्ये दुपारी दुचाकीच्या डिकीत कुठलाच डबा ठेवू नका, तिथे खोलीचं तापमान नसतं, भट्टी असते.

आता उपदंश, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात तो. यात बहुतेकांना वाटतं की रक्तच तर काढायचंय, त्यात काय चुकणार. चुकतं. रक्ताची साधी नळी अर्धा तास उभी ठेवून गुठळी होऊ द्यायची, मग सेंट्रिफ्यूज करून सिरम वेगळं काढायचं आणि ते २ ते ८ अंशांवर ठेवायचं. लांबणार असेल तर उणे २० वर, आणि पुन्हा पुन्हा वितळवायचं नाही. अख्खं रक्त कधीही गोठवू नका, पेशी फुटतात, सिरम लाल होतं आणि मग आरपीआरच्या, म्हणजे उपदंशाच्या रक्ततपासणीच्या, कार्डावर काय दिसतंय ते सांगणं कठीण. लाल झालेलं सिरम आलं तर ते परत पाठवायचं असतं. तरीही तपासणी करून आकडा छापला जातो हे मला माहीत आहे.

प्रत्यक्ष तपासणीतही हवामान आडवं येतं, आणि हे फारसं कुणी बोलत नाही. आरपीआरची तपासणी २३ ते २९ अंशांच्या खोलीत करायची असते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊला आपल्याकडच्या दगडी भिंतीच्या खोलीत तेवढी ऊब नसते. त्यात अँटिजेनची, म्हणजे सिरममध्ये मिसळायच्या द्रावणाची, बाटली नुकतीच फ्रीजमधून काढलेली. गारठ्यात प्रतिक्रिया मंदावते आणि कमी प्रमाणातला उपदंश सुटून जातो. बाटली आधी बाहेर काढून ठेवा, भिंतीवर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने बघता येईल असा थर्मामीटर लावा, गरज पडली तर खोली गरम करा. रोटेटर मिनिटाला १०० फेऱ्यांवर, ८ मिनिटं. हाताने कार्ड हलवून ‘झालं असेल’ म्हणायचं नाही. अँटिजेनच्या सुईतून एक मिलिलिटरला ६० थेंब पडायला हवेत, दोन इकडे किंवा दोन तिकडे. सुई वाकली, बोथट झाली की थेंबाचा आकार बदलतो. थेंब मोजायला पाच मिनिटं लागतात.

दुसऱ्या टप्प्यातल्या उपदंशात प्रतिपिंडं इतकी वाढलेली असतात की न पातळ केलेल्या सिरमवर तपासणी निगेटिव्ह दिसू शकते. तळहातावर-तळपायावर पुरळ आहे आणि आरपीआर निगेटिव्ह आलाय, असं दिसलं की प्रयोगशाळेला फोन करून सिरम पातळ करून पुन्हा बघायला सांगा. पण त्यासाठी फॉर्मवर ‘पुरळ’ हा एक शब्द तुम्ही लिहिलेला असायला हवा. बहुतेक फॉर्मवर नाव, वय आणि ‘व्हीडीआरएल’ (उपदंशाच्याच तपासणीचं नाव) एवढंच असतं. उपदंशाच्या ताज्या चट्ट्याच्या (व्रणाच्या) पहिल्या दिवसांतही रक्त निगेटिव्ह येऊ शकतं. तिथे चट्ट्यातला द्रव डार्क ग्राउंड (काळ्या पार्श्वभूमीवर जंतू उजळ दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली लगेच बघायचा असतो. चट्टा सलाईनने पुसायचा, डेटॉलने नाही. आणि आदल्या दिवशी मेडिकलमधून आणलेलं मलम लावलंय का, हे विचारायचं.

हा मेडिकलचा प्रश्न सगळ्याच नमुन्यांना लागू आहे. पेशंट तुमच्याकडे येतो त्याआधी त्याने कुणाच्या तरी सल्ल्याने दोन-चार गोळ्या खाल्लेल्या असतात. ते विचारा आणि फॉर्मवर लिहा. गोळी घेतल्यावरचा ‘नो ग्रोथ’ वेगळा वाचायचा असतो. गरोदर बाईची उपदंशाची तपासणी तर पहिल्याच भेटीत करा. पेनिसिलिन वेळेत मिळालं तर बाळ वाचतं.

आता माणसाबद्दल. या तपासणीसाठी येणारा माणूस आपल्या गावच्या दवाखान्यात येत नाही. राधानगरीचा कोल्हापूरला येतो, कोल्हापूरचा सांगलीला जातो, कारण कंपाउंडर ओळखीचा निघू नये. इतकी धडपड करून आलेल्या माणसाला “नमुना खराब झाला, परत या” म्हटलं तर तो येत नाही. म्हणून पहिल्याच नमुन्याला एवढा जीव लावायला सांगते आहे. काउंटरवर मोठ्याने “कुठली टेस्ट? गुप्तरोगाची?” असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळलेल्याही पाहिल्या आहेत. नळीवर नावाऐवजी क्रमांक टाका, नाव रजिस्टरमध्ये राहू दे. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करायची नाही आणि निकाल कुणाला सांगायचा नाही, हे १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानेच बांधलेलं आहे. बाकीच्या लैंगिक आजारांना हीच शिस्त लावायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. रिपोर्ट घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जात नाही ना, तेवढं बघा. मोबाइल बऱ्याच घरांत एकच असतो.

पुराचंही मनात आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात वीज गेली, महामार्ग बंद झाला. साठवलेलं सिरम किती वेळ वितळलेलं होतं याची नोंद नसेल तर ते वापरू नये. फ्रीजला थर्मामीटर आणि रोज दोन वेळची वही, एवढं तरी असावं. लसीच्या फ्रीजला आपण ते करतोच. आणि कृपा करून लसीच्या फ्रीजमध्ये नमुने ठेवू नका. डबा-चपाती तर नाहीच.

प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना वेगळं सांगते. खराब नमुना आला तर ‘नो ग्रोथ’ लिहू नका, ‘नमुना तपासणीयोग्य नाही’ असं लिहा आणि कारण द्या : कोरडा होता, फ्रीजमधून आला, ३० तास झाले होते. नमुना नाकारला की पैसे परत द्यावे लागतात आणि दवाखाना नाराज होऊन दुसरीकडे नमुने पाठवू लागतो, म्हणून कुणी नाकारत नाही, हे उघड गुपित आहे. सगळ्यांनी मिळून नाकारायचं ठरवलं तर कुणा एकाचं गिऱ्हाईक तुटणार नाही. जिल्ह्यातल्या प्रयोगशाळांच्या संघटनेने एका बैठकीत हा विषय घ्यावा. फॉर्मवर चार रकाने वाढवा : नमुना घेतल्याची वेळ, शरीराचा नेमका भाग, वाटेत कुठल्या तापमानाला ठेवला, आधी औषध घेतलं का. पोचल्याची वेळ काउंटरवरच्या माणसाने लिहावी. हे चारही रिपोर्टवर छापा, म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरला ‘नो ग्रोथ’चं वजन किती ते कळेल.

कुणा दवाखान्याला आपल्या सिस्टरना आणि कलेक्शनच्या मुलांना हे हाताने करून दाखवायला हवं असेल, तर मी येईन. मानधन नको. स्लाइड, मेणबत्ती आणि बरणी मी घेऊन येते, कोळशाच्या नळ्या तुम्ही आणून ठेवा. बुधवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारी तीननंतर, ओपीडी उरकली की.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
कोल्हापूर